यंत्र बिघडलं की: दुरुस्ती, नवी खरेदी आणि वाढीव वॉरंटीचा हिशोब

वॉशिंग मशीन मधेच थांबतं. दार उघडत नाही, आत पाणी साचलेलं. दुरुस्तीवाला येतो, मागचं झाकण काढून बघतो, एक आकडा सांगतो आणि लगेच म्हणतो, "एवढे घालण्यापेक्षा नवीनच घ्या." नवीन घ्यायला दुकानात गेलं की बिल करताना दुसरा प्रश्न येतो, "वाढीव वॉरंटी टाकू ना?" दोन्ही वेळा समोरच्याला उत्तर तिथल्या तिथे हवं असतं आणि आपल्याकडे माहितीही नसते, उसंतही नसते. मग निर्णय चिडून होतो, नाहीतर भिडेखातर. खरं तर त्यामागचं गणित साध्या भागाकाराचं आहे. ते एकदा हाताखालून गेलं की असे प्रश्न शांतपणे सोडवता येतात.

## आधी तीन शब्द

वॉरंटी म्हणजे यंत्राच्या किमतीतच धरलेलं कंपनीचं वचन: अमुक मुदतीत बनावटीतला दोष निघाला तर दुरुस्त करून देऊ. वाढीव वॉरंटी म्हणजे त्यापुढच्या वर्षांसाठी वेगळे पैसे भरून घेतलेलं तसंच वचन. ते यंत्र बनवणाऱ्या कंपनीनेच दिलेलं असतं असं नाही. दुकानाचं असू शकतं किंवा तिसऱ्याच संस्थेचं. विमा मुख्यतः बाहेरून येणाऱ्या संकटांसाठी असतो: चोरी, आग, पूर, कधी विजेचा झटका. घराचा विमा असेल तर ही संकटं त्यात आधीच धरलेली असू शकतात, म्हणून पुन्हा पैसे मोजण्याआधी तो कागद काढून बघावा.

बोलताना लोक या तिन्हींना सरसकट "वॉरंटी" म्हणतात आणि घोटाळा तिथून सुरू होतो. मोटर जळाली तर घराचा विमा उपयोगी पडेलच असं नाही, आणि पुराचं पाणी शिरलं तर वाढीव वॉरंटी बहुधा हात वर करते.

## निम्म्या किमतीचा नियम कुठे चुकतो

एक नियम सगळीकडे ऐकू येतो: दुरुस्तीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याहून जास्त असेल तर नवीन घ्या. लक्षात ठेवायला सोपा आहे, पण तो सर्वांत महत्त्वाची गोष्ट विचारतच नाही. या दुरुस्तीनंतर यंत्र आणखी किती वर्षं चालेल?

देशोदेशीच्या किमतींत अडकायला नको म्हणून नव्या यंत्राची किंमत १०० धरू. समजा तो फ्रिज आहे आणि साधारण १२ वर्षं चालेल अशी अपेक्षा आहे. म्हणजे नवा फ्रिज वर्षाला सुमारे ८.३ ला पडतो. हा आपला मापदंड.

आता जुना फ्रिज आठ वर्षांचा आहे, दुरुस्ती २० ची आहे आणि तो आणखी तीन वर्षं चालेल असं दिसतं. २० भागिले ३, म्हणजे वर्षाला ६.७. नव्यापेक्षा स्वस्त, दुरुस्त करावा. तोच फ्रिज, तीच तीन वर्षं, पण दुरुस्ती ४० ची असेल तर वर्षाला १३.३ पडतात. निम्म्याचा नियम इथेही "दुरुस्त करा" म्हणाला असता, कारण ४० हे ५० पेक्षा कमी आहेत. आपला हिशोब म्हणतो, नवा घ्या. उलट बाजूही बघा. तीन वर्षांच्या फ्रिजला ५५ चा खर्च आला, पण त्यानंतर तो आठ वर्षं चालणार आहे. वर्षाला ६.९. निम्म्याचा नियम त्याला भंगारात काढतो आणि ते नुकसानीचं ठरतं.

तोंडी हिशोब करायचा तर असा: नव्या यंत्राची किंमत भागिले त्याचं आयुष्य, हा एका वर्षाचा दर. दुरुस्तीच्या खर्चाला या दराने भागलं की दुरुस्तीने किमान किती वर्षं दिली पाहिजेत ते कळतं. २५ ची दुरुस्ती असेल तर तीन वर्षं. मग दुरुस्तीवाल्याला विचारायचा प्रश्न "करू का?" असा राहत नाही. "हे केल्यावर तीन वर्षं निघतील का, आणि नसतील तर दुसरं काय बिघडण्याच्या बेतात आहे?" असं विचारता येतं. चांगला कारागीर या प्रश्नाचं सरळ उत्तर देतो.

या हिशोबात यंत्राची मूळ खरेदी किंमत कुठेही आलेली नाही. "एवढं महागाचं घेतलं होतं" किंवा "गेल्याच वर्षी मोटर बदलली" या गोष्टी मनाला टोचतात, पण तो पैसा दोन्ही वाटांनी गेलेलाच आहे. नव्या मोटरचा उपयोग इतकाच, की तो भाग आता लवकर दगा देणार नाही.

## यंत्र अजून किती चालेल, हे कसं ओळखायचं

अभियंते यंत्रांच्या बिघाडांचा काळानुसार आलेख काढतात तेव्हा त्याचा आकार टबासारखा दिसतो, म्हणून त्याला बाथटब वक्र म्हणतात. सुरुवातीला बिघाड जास्त, कारण बनावटीतले दोष लगेच बाहेर येतात. मग बरीच वर्षं सपाट तळ: बिघाड होतात, पण तुरळक. शेवटी पुन्हा चढ, कारण बेअरिंग, रबर, मोटर झिजायला लागतात. पहिला चढ बहुतेक वेळा मूळ वॉरंटीत येतो. शेवटच्या चढावर एका दुरुस्तीमागून दुसरी येते, आणि तिथे "तीन वर्षं निघतील" या अंदाजावर फारसं विसंबू नये.

वयापेक्षाही जास्त सांगून जातं ते कोणता भाग गेला आहे हे. त्यात थोडं खोलात जाऊ.

वॉशिंग मशीनचं पाणी उपसणारा पंप, दाराचं लॉक, पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, पट्टा, काही मोटरींमधले कार्बन ब्रश हे सुटे आणि बदलायला सोपे भाग आहेत. त्यांच्यासाठी मशीन टाकून देणं मला पटत नाही. ड्रमचं बेअरिंग गेलं तर मामला वेगळा. पिळताना विमानासारखी घरघर येते ती त्याची खूण. बेअरिंग स्वतः स्वस्त असतं, पण त्याच्यापर्यंत पोहोचायला सगळं मशीन सोडवावं लागतं. काही मशीनमध्ये बाहेरचा टब दोन भाग वितळवून कायमचा जोडलेला असतो. मग बेअरिंगसाठी अख्खा टबच बदलावा लागतो. नवीन मशीन घेताना "टब बोल्टचा आहे की चिकटवलेला?" हा प्रश्न विचारणारे फार थोडे असतात, पण दहा वर्षांचा खर्च त्यावर ठरू शकतो. आवाज सुरू झाल्यावर महिनोन्‌महिने दुर्लक्ष केलं तर पाणी आत शिरून शाफ्टही खराब होतो, आणि मध्यम खर्चाची दुरुस्ती मशीनचा शेवट ठरते.

फ्रिजच्या बाबतीत सर्वांत जास्त फसगत "गॅस संपलाय" या वाक्याने होते. फ्रिजमधला गॅस इंधनासारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांमध्ये वर्षानुवर्षं तोच फिरत राहतो. कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे. गळती न शोधता नुसता गॅस भरला तर तो पुन्हा निघून जाणार, आज नाहीतर काही महिन्यांनी. नीट दुरुस्ती म्हणजे गळती शोधणं, जोड पक्का करणं, ओलावा शोषणारा फिल्टर बदलणं, पंपाने नळ्यांतली हवा काढणं आणि मग मोजून गॅस भरणं. यातलं काय काय करणार हे आधी विचारा. गळती फोमच्या भिंतीत गाडलेल्या नळीत असेल तर तिथपर्यंत हात पोहोचत नाही, आणि तिथे बहुधा निरोप घ्यावा लागतो. उलट दाराचं रबर, थर्मोस्टॅट, पंखा, बर्फ वितळवणारा हीटर, कॉम्प्रेसर चालू करणारा रिले हे छोटे बिघाड आहेत. त्यातले काही "कॉम्प्रेसर गेला" असं वाटायला लावतात. रिले तपासल्याशिवाय कॉम्प्रेसर बदलायला होकार देऊ नका.

पाणी तापवणाऱ्या गीझरमध्ये सीमारेषा स्पष्ट असते. आतली तापणारी कॉइल किंवा थर्मोस्टॅट गेला तर दुरुस्ती, टाकीच गंजून गळायला लागली तर नवीन. ही टाकी वाचावी म्हणून आत मॅग्नेशियमसारख्या धातूचा एक दांडा असतो. टाकीऐवजी तो गंजतो. तो वेळेवर बदलला तर गीझर कितीतरी जास्त टिकतो, पण तो आत आहे हेच बहुतेकांना कोणी सांगत नाही.

टीव्हीचा पडदा फुटला तर दुरुस्ती नव्याच्या किमतीला भिडते. चित्र अंधारलं पण आवाज येतोय, तर अनेकदा मागच्या दिव्यांच्या पट्ट्या गेलेल्या असतात आणि त्या बदलता येतात.

आणि मग इलेक्ट्रॉनिक बोर्ड. आजकाल जवळपास प्रत्येक यंत्रात तो आहे. अधिकृत सेवा केंद्र बहुतेक वेळा अख्खा बोर्ड बदलतं, त्यामुळे खर्च मोठा येतो. पण बोर्डवरचा एखादाच कपॅसिटर (वीज साठवणारा छोटा भाग) किंवा रिले गेलेला असू शकतो, आणि तो तेवढाच बदलणारे कारागीर असतात. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान १० अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. म्हणून यंत्राभोवती हवा खेळती ठेवणं ही फुकटची वॉरंटी आहे. वॉरंटी संपलेल्या यंत्राचा बोर्ड गेला असेल तर दुसरं मत जरूर घ्या.

## जिथे हिशोब करायचा नाही

जळका वास, वितळलेली वायर, अंगाला बसणारा झटका यांपुढे भागाकार बाजूला ठेवून आधी वीज बंद करावी. झटका बसतो म्हणजे यंत्रच वाईट असं मात्र नाही. घराचं अर्थिंग तुटलेलं असू शकतं, आणि मग नव्या यंत्रालाही तोच धोका राहतो. मायक्रोवेव्ह घरी कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये विजेचा जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. अलीकडच्या बऱ्याच फ्रिजमध्ये आर-६००ए, म्हणजे आयसोब्युटेन भरलेला असतो. हवामानाच्या दृष्टीने तो जुन्या वायूंपेक्षा कितीतरी चांगला, पण ज्वलनशील. त्याच्या नळ्यांना डाग देणारा माणूस त्याचं प्रशिक्षण घेतलेलाच हवा.

## "पण नवीन यंत्र वीज कमी खातं ना?"

खातं, आणि हा फरक हिशोबात धरायलाच हवा. मघाचं उदाहरण घ्या: जुना फ्रिज दुरुस्तीनंतर वर्षाला ६.७ ला पडत होता. तो नव्यापेक्षा वर्षाला ३ इतकी जास्त वीज खात असेल तर बेरीज ९.७ होते, आणि नवा फ्रिज स्वस्त ठरतो. म्हणजे विजेचा फरक निकाल फिरवू शकतो.

पण तो केव्हा फिरवतो? फ्रिज दिवसरात्र चालतो, एसी तासन्‌तास चालतो. तिथे फरक साठत जातो. मिक्सर किंवा मायक्रोवेव्ह दिवसातून काही मिनिटंच चालतात, तिथे बचतीचा मुद्दा फसवा आहे. वॉशिंग मशीनमध्ये गरम पाण्याने धुतलं तर विजेचा मोठा वाटा पाणी तापवण्यात जातो. जुन्याच मशीनवर थंड पाण्याने धुतलं तरी बचत होते.

जुनं किती जुनं आहे हेही महत्त्वाचं. अमेरिकेत १९७०च्या दशकाच्या मध्यात सरासरी नवा फ्रिज वर्षाला सुमारे १,८०० युनिट वीज खायचा. २००१च्या मानकांनंतर तो आकडा ५०० युनिटच्या आसपास आला. एवढी मोठी उडी एकदाच मारता येते. पंचवीस वर्षांचा फ्रिज बदलला तर बिलात फरक दिसेल. सहा वर्षांचा चांगला फ्रिज केवळ विजेसाठी बदलला तर खर्च भरून निघणं कठीण. खात्री हवी असेल तर प्लगमध्ये लावायचा छोटा वीजमापक मिळतो. आठवडाभर लावला, आकड्याला ५२ ने गुणलं, की वर्षाचा अंदाज हातात येतो.

## वाढीव वॉरंटी: जुगाराचं गणित उलट्या बाजूने

समजा तीन वर्षांच्या वाढीव वॉरंटीसाठी १५ मागितले, आणि अशा यंत्राची सरासरी दुरुस्ती २० ला होते. १५ भागिले २०, म्हणजे पाऊण. त्या तीन वर्षांत यंत्र बिघडण्याची शक्यता चारात तीन असेल तरच तुमची बरोबरी होते. आता बाथटब वक्र आठवा: मूळ वॉरंटीनंतरची पहिली तीन वर्षं ही सपाट तळाची वर्षं असतात, जिथे बिघाड सर्वांत कमी. वाढीव वॉरंटी नेमकी त्याच काळाची विकली जाते.

यात कोणाचा कपटीपणा असलाच पाहिजे असं नाही. वॉरंटी देणाऱ्याला दुरुस्त्यांचा खर्च, कचेरीचा खर्च, विकणाऱ्याचं कमिशन आणि नफा हे सगळं त्या १५ मधूनच काढायचं असतं. त्यामुळे सगळ्या ग्राहकांनी मिळून भरलेल्यापेक्षा त्यांना मिळून परत मिळणारं कमीच असणार. कोणताही विमा असाच चालतो. म्हणून विमा त्याच नुकसानीचा काढावा जे आपल्याला एकट्याने पेलणार नाही: घर जळणं, मोठं आजारपण, कमावत्या माणसाचा मृत्यू. बिघडलेला पंप त्या यादीत बसत नाही.

घरात अशी सहा उपकरणं असतील आणि प्रत्येकावर १५ भरले तर ९० झाले. जवळपास एक नवं यंत्र! तेच पैसे वेगळ्या खात्यात ठेवले तर सहाही यंत्रांसाठी एकच निधी तयार होतो, आणि काहीच बिघडलं नाही तर तो आपलाच राहतो.

## "पण मनाची शांती मिळते, त्याचं काय?"

हा आक्षेप मी हलका मानत नाही. ज्या घरात अचानक आलेला खर्च म्हणजे चढ्या व्याजाचं कर्ज, तिथे ठरावीक छोटी रक्कम भरून धक्का टाळणं शहाणपणाचं असू शकतं. एकच भाग फार महाग असलेल्या यंत्रासाठी, उदाहरणार्थ मोठ्या टीव्हीसाठी, संरक्षणाची किंमत खरोखर कमी असेल आणि पडदा त्यात स्पष्ट शब्दांत धरलेला असेल, तर मीही विचार करेन. फ्रिजमध्ये इन्सुलिन ठेवावं लागणाऱ्या घराला मात्र भरपाईपेक्षा त्याच दिवशी पर्यायी थंड जागा लागते. तिची व्यवस्था आधी करावी.

घ्यायचीच असेल तर कागद घरी आणून वाचा. मुदत मूळ वॉरंटी संपल्यावर सुरू होते की खरेदीच्या दिवसापासून? खरेदीपासून असेल तर पहिलं वर्ष तुम्ही दुसऱ्यांदा विकत घेताय. भरपाईला वरची मर्यादा आहे का, दर वर्षी घसारा कापतात का? रबर, काच, प्लास्टिक वगळलं आहे का? विजेच्या चढउताराने जळलेला बोर्ड धरला आहे का? कारागिराच्या प्रत्येक फेरीचे पैसे वेगळे आहेत का? आणि शेवटी, दुकान बंद पडलं तर वचन कोण पाळणार?

घाई करणाऱ्याला नम्रपणे थांबवायला हरकत नाही. ब्रिटनमध्ये सरकारी स्पर्धा आयोगाने २००३ मध्ये या व्यवसायाची चौकशी केली आणि ग्राहकाला तुलना करण्याची संधीच मिळत नाही असं तिथे दिसलं. २००५ पासून तिथल्या दुकानांना वाढीव वॉरंटीची किंमत उघड दाखवावी लागते, लेखी दर ३० दिवस कायम ठेवावा लागतो आणि ग्राहकाला ४५ दिवसांत ती रद्द करून पूर्ण पैसे परत घेता येतात. असा नियम नसेल तिथेही "महिन्याभराने घेतली तर हाच दर मिळेल का?" हे विचारता येतं.

## "सुटे भागच मिळत नसतील तर?"

हा खरा अडथळा आहे, आणि तो ग्राहकाच्या हातातला नाही. म्हणूनच दुरुस्तीचा हक्क हा विषय कायद्यांपर्यंत पोहोचला. युरोपीय महासंघात मार्च २०२१ पासून वॉशिंग मशीनचे ठरावीक सुटे भाग, त्या मॉडेलचं शेवटचं यंत्र बाजारात आल्यानंतर किमान १० वर्षं उपलब्ध ठेवावे लागतात. फ्रिजच्या थर्मोस्टॅट, सेन्सर आणि बोर्डसाठी ही मुदत ७ वर्षं आहे. फ्रान्समध्ये २०२१ पासून काही उपकरणांवर दहापैकी गुण छापायला सुरुवात झाली: यंत्र उघडायला किती सोपं, भाग मिळतात का, त्यांची किंमत किती. २०२४च्या युरोपीय निर्देशानुसार कायदेशीर हमीच्या काळात ग्राहकाने बदलीऐवजी दुरुस्ती निवडली तर हमी एक वर्षाने वाढते. सदस्य देशांना तो अमलात आणण्यासाठी ३१ जुलै २०२६ ची मुदत दिली गेली. हे नियम सगळीकडे व्हावेत असं मला मनापासून वाटतं. २०२२ मध्ये जगात सुमारे ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्वापरात गेल्याची नोंद आहे. पंपासाठी फेकलेली मशीनंही त्यातच येतात.

## नवीन घेतलं, जुन्याचं काय

विजेच्या बचतीसाठी नवा फ्रिज घेतला आणि जुना दुसऱ्या खोलीत चालू ठेवला तर बिल वाढतं. बचतीसाठी बदल केला असेल तर जुना घराबाहेर गेलाच पाहिजे. तो जातो कुठे हेही बघा. जुन्या फ्रिजच्या नळ्यांत आणि भिंतींच्या फोममध्ये ओझोनला किंवा हवामानाला घातक वायू असू शकतात; ओझोन थर वाचवण्यासाठी झालेल्या १९८७च्या माँट्रियल करारानंतर जग ज्यांच्यापासून दूर गेलं ते सीएफसी वायू बऱ्याच जुन्या फ्रिजमध्ये अजून आहेत. तांब्यासाठी नळी कापली की वायू थेट हवेत जातो. नवं यंत्र पोहोचवणाऱ्याकडे जुनं सोपवताना ते अधिकृत ई-कचरा केंद्रात जाणार असल्याची पावती मागा. टाकून द्यायच्या यंत्राचे चालू भाग, जसं की दाराचं रबर, पंखा, पंप, दुरुस्तीवाल्याला हवे असतात. कोणाच्या तरी बंद पडलेल्या मशीनला त्यातून आणखी काही वर्षं मिळतात.